एकी की बेकी? मुठीतल्या चिंचोक्यांचं गणित

(शिरपूर येथे बालवाडी सेविका आणि मंडळीतील हितचिंतक यांच्यापुढे केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय ऐकायला अगदी छोटा आहे. लहान मुलांना सम संख्या ओळखायला कशा शिकवायच्या? एका वडिलांनी मघाशी मला हळूच विचारलं, "बाई, एवढ्याशा गोष्टीवर अर्धा तास काय बोलणार?" रास्त प्रश्न आहे. दोन, चार, सहा, आठ, दहा म्हटलं की संपलं. तुमच्या-माझ्या नातवंडांपुरतं ते कदाचित संपतही असेल. पण आपण ज्या पाड्यांवर काम करतो, तिथे ही एवढीशी गोष्ट नीट झाली नाही तर मूल पुढे कुठे अडकतं, ते मी वर्षानुवर्षं वर्गात पाहिलं आहे.

वर्गात सहसा असं होतं. फळ्यावर एक वाक्य लिहिलं जातं: ज्या संख्येच्या एककस्थानी ०, २, ४, ६ किंवा ८ असतो ती सम संख्या. मुलं ते एका सुरात म्हणतात. सूर इतका छान लागतो की तपासायला आलेले साहेबही खूश होतात. मग तुम्ही विचारा, "तीस सम की विषम?" बरीच मुलं "विषम" म्हणतील, कारण त्यांना तीन दिसतो. "सम म्हणजे काय रे?" असं विचारलं तर खाली मान घालून गप्प बसतील. बोराडी, पळासनेर, लाकड्या हनुमानकडच्या पावरा मुलाचा विचार करा. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी. त्या एका वाक्यात सम, संख्या, एककस्थान असे तीन परके शब्द. ते मूल आपलं बोलणं पाठ करतं आणि आपल्याला वाटतं की ते शिकलं.

पहिलीत याचा काही त्रास होत नाही. तिसरी-चौथीत होतो. निम्मं करा, दोघांत वाटा, दोनाने भाग जातो का पाहा, मग अपूर्णांक. हे सगळं जोडीच्या आणि अर्ध्याच्या कल्पनेवर उभं असतं. ती कल्पना हातात आलेली नसेल तर मूल मागच्या रांगेत सरकतं. मागच्या रांगेतून शेळ्यांमागे जायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सम ही गोष्ट आधी जोडीची आहे, आकड्याची नंतर. मुलाने ती बोटांनी धरावी, मग तिला नाव मिळावं, आणि सगळ्यांत शेवटी आकडा यावा. आपण नेमकं उलट्या बाजूने सुरू करतो.

यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. आपल्या लहानपणीचा खेळ आठवा. मुठीत चिंचोके घ्यायचे, मूठ पुढे करायची आणि विचारायचं, "एकी की बेकी?" समोरच्याने सांगायचं. मूठ उघडून चिंचोके दोन-दोन करून मांडायचे. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर बेकी, एक उरला तर एकी. बरोबर सांगणारा चिंचोके जिंकतो. इतकंच. या खेळात सम संख्येची सगळी व्याख्या आहे आणि तिच्यात एकही पुस्तकी शब्द नाही. गंमत म्हणजे शेजारच्या गुजरातेत शाळेच्या पुस्तकातही सम-विषमला बेकी-एकीच म्हणतात. आपण मात्र घरातला शब्द दाराबाहेर ठेवून संस्कृत शब्द आत घेतला. त्यातला 'विषम' तर मोठ्यांनाही विषमता आणि विषमज्वराची आठवण करून देणारा! सात या आकड्याने बिचाऱ्याने कोणाचं काय वाईट केलं आहे?

शिक्षक मंडळी इथे हसतील, हे मला ठाऊक आहे. वर्गात 'एकी' म्हटलं की करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागणारं पोर डोळ्यांपुढे येतं. मुलं पहिल्या दिवशी त्यावर हसतात. हसू द्यावं. दुसऱ्या दिवशी कोणी हसत नाही, सगळ्यांचं लक्ष मुठीकडे असतं.

आता सेविका भगिनींसाठी थोडं सविस्तर सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलांना मोजायला लावू नका. त्यांना फक्त जोड्या लावू द्या. चपला, पैंजण, कान, डोळे, बैलजोडी. पोळ्याला सजवलेली जोडी ज्याने पाहिली आहे, त्याला जोडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बालवाडीच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, तो रोज एकाने जोड्या लावून मांडायचा. कधी एक चप्पल उरते आणि मग शोधाशोध सुरू होते. तो उरलेला एक मुलाच्या नजरेत भरला की अर्धं काम झालं.

मग मुलांनाच चिंचोके करा. मैदानात पळायचं, टाळी वाजली की एकाचा हात धरायचा. आज कोणी उरलं का? इथे एक जपायचं. उरलेल्या मुलाला बिचारं करू नका. आपल्या मुलांतली काही आधीच बुजलेली असतात आणि उरणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून आमच्याकडे नियम असा की जो उरेल त्याच्या हाती ढोल. पुढच्या फेरीत तो वाजवणार आणि बाकीचे नाचणार. मग सगळ्यांनाच उरायचं असतं! काही मुलं मुद्दाम हात सोडून देतात, तेवढं सांभाळून घ्या. कधी बाई स्वतःच उरलेल्याचा हात धरतात. तेव्हा विचारा, "आता काय झालं?" एक वाढला की एकीची बेकी होते, हे मुलं अशीच शिकतात.

असं शिकवणं आपल्या महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. आपलं बोराडी नव्हे, समुद्रकाठचं बोर्डी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या होत्या आणि माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. पण परदेशी धाटणीची महाग साधनं पाड्यावर कुठून येणार? म्हणून त्यांनी खडे, बिया, शंखशिंपले, पानं हाती घेतली. ज्यांना वाटतं की साधनं नसल्यामुळे आदिवासी मुलं मागे राहतात, त्यांनी कोसबाडची ही हकीकत जरूर वाचावी.

माँटेसोरीबाईंच्या साधनांत एक फार सुंदर खेळ आहे, तो आपण जसाच्या तसा घेऊ शकतो. एकपासून दहापर्यंतचे आकडे ओळीने मांडायचे आणि प्रत्येकाखाली तितक्या सोंगट्या, दोन-दोन शेजारी अशा ठेवायच्या. एक उरला तर तो खाली मधोमध. मग दोन रांगांच्या मधून बोट फिरवायचं. चारच्या, सहाच्या मधून बोट थेट खाली जातं. पाचच्या, सातच्या मधे ते अडतं. आमच्या सेविकांनी याची बैलगाडी केली आहे. सारवलेल्या अंगणात चुन्याने आकडे काढायचे आणि चिंचोक्यांच्या दोन रांगा म्हणजे वाटेच्या दोन कडा. काडीची गाडी मधून हाकायची. बेकीची वाट मोकळी आणि एकीच्या वाटेत धोंडा! मुलं तोंडाने बैल हाकण्याचा आवाज काढतात आणि कोणत्या आकड्याला धोंडा लागणार हे गाडी निघण्याआधीच ओरडून सांगू लागतात. मूल आकड्याकडे बघून हे सांगू लागलं की समजा, आता त्याला सम ओळखता येते. तेव्हा म्हणा, "शाळेत बेकीला सम म्हणतात." नवा शब्द त्या दिवशी सहज बसतो, कारण त्याला बसायला जागा तयार असते.

पुढची पायरी दोन मुठींची. माझ्या मुठीत सात, तुझ्या मुठीत पाच, दोन्ही एकी. एकत्र केल्यावर काय होईल? मुलं छातीठोकपणे सांगतात, "एकी!" मांडून पाहिलं की माझा एक उरलेला आणि तुझा एक उरलेला यांचीच जोडी जमते. बारा, बेकी. मुलं खात्री पटेपर्यंत पुन्हापुन्हा करून बघतात. तीन आणि नऊ, एक आणि एक, पाच आणि पाच. विषम अधिक विषम बरोबर सम हे सूत्र मोठ्या वर्गात पाठ करायला लावतात. सहा वर्षांचं मूल ते का होतं हे सांगू शकतं, फक्त त्याच्या हाती चिंचोके हवेत.

रिकाम्या मुठीचाही एक डाव खेळा. मूठ उघडली तर आत काहीच नाही. एकी की बेकी? मोठी माणसं यावर वाद घालतात. मुलं विचार करून म्हणतात, "कोणी उरलाच नाही, म्हणजे बेकी." शून्य सम का, याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

आता वाटणीचा भाग. सम संख्येच्या दोन बाजू आहेत. दोन-दोनाच्या जोड्या लावणं ही एक आणि दोघांत सारखी वाटणी करणं ही दुसरी. मोठ्यांना त्या एकच वाटतात, मुलाला वाटत नाहीत. बारा बोरं दोघी बहिणींत वाटायला द्या. तुला एक, मला एक, तुला एक, मला एक. वाटून झाल्यावर दाखवा की प्रत्येक फेरी म्हणजे एक जोडीच होती, सहा फेऱ्या, सहा जोड्या. मग सात भाकरी वाटायला सांगा. एखादं चलाख पोर म्हणेल, साडेतीन-साडेतीन! त्याचं म्हणणं खोटं नाही. मग विचारायचं, सात भाकऱ्यांऐवजी सात बकऱ्या असत्या तर? भाकरी मोडता येते, बकरी मोडता येत नाही. न मोडता दोघांत सारखं वाटता आलं तरच बेकी. हा भाकरी-बकरीचा फरक मुलं कधी विसरत नाहीत. पुढे अपूर्णांक शिकवणारे मास्तर तुम्हाला दुवा देतील.

मोठ्या संख्यांसाठी तुराट्या घ्या. आपल्याकडे तुराट्या, पऱ्हाट्या यांना तोटा नाही. तुरीच्या काड्या बोटभर तोडायच्या आणि दहा-दहाची मोळी बांधायची. आधी एक मोळी सोडून जोड्या लावून बघायच्या. पाच जोड्या, कोणी उरत नाही. म्हणजे मोळी स्वतःच बेकी आहे. तीन मोळ्या असोत की नऊ, मोळ्यांत कोणी उरणार नाही. उरलाच तर सुट्या काड्यांत उरेल. म्हणून चौतीसमध्ये चार सुट्या बघायच्या, सदतीसमध्ये सात. तीसमध्ये सुट्या नाहीतच, मग तीस बेकीच. फळ्यावरचं ते एककस्थानाचं वाक्य इथे येऊन पोचतं, पण आता त्याच्या पोटात काय आहे ते मुलाला माहीत असतं. आणि बेचा पाढाही इथेच जोडायचा. बे एके बे, बे दुणे चार म्हणताना प्रत्येक पायरीला एक जोडी खाली ठेवायची. बेचा पाढा म्हणजे बेकीची यादीच.

जाता जाता एक गोष्ट, मोठ्यांच्या करमणुकीसाठी. आपल्या मराठी अंकनामांत सुटे आधी बोलले जातात आणि मोळ्या नंतर. बावीस, चोवीस, अठ्ठावीस. बत्तीस, चौतीस, अडतीस. संख्या सम आहे हे बऱ्याचदा शब्दाच्या सुरुवातीलाच कानावर पडतं. पण लिहिताना सुटे शेवटी येतात, म्हणून मुलं गोंधळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! टीका करणाऱ्यांनी पाड्यावरच्या मुलाला एकदा सव्वीस आणि सत्तावीस यांतला फरक ऐकून ओळखायला लावलं असतं, तर त्यांचा सूर थोडा खाली आला असता असं मला वाटतं. जुनी नावं मला प्रिय आहेत. पण ती आईच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला सोपी, पुस्तकातून भेटलेल्याला नव्हेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी विचारलं म्हणून सांगते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने बारा जणांना दोघा-दोघांनी पाठवलं. किती जोड्या झाल्या? यहूदा गेल्यावर अकरा उरले, मग जोड्या जमतील का? मत्थियाची निवड झाल्यावर? आपल्या मुलांना ही उदाहरणं जवळची आहेत. बालवाडीत मात्र सगळ्या घरांतली मुलं असतात, तिथे बोरं, बैल आणि बकऱ्याच बऱ्या.

आता जे मला खरं म्हणजे हितचिंतकांना सांगायचं आहे, ते. आपल्या भागातून कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. काही गुजरातेत, काही ऊसतोडीवर. मुलं बरोबर जातात. ऊसतोडीत 'कोयता' हे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबाने. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. त्या फडावर वाढणाऱ्या पोराला आठ कोयते म्हणजे सोळा माणसं हे कळत असतं. ते शाळेत परत येतं तेव्हा आपण त्याला सम संख्येची व्याख्या विचारतो आणि ते गप्प बसलं की त्याला गणित येत नाही असं लिहून टाकतो.

हे मूल चार-पाच महिने शाळेबाहेर असतं. तक्ता त्याच्याबरोबर जात नाही. रंगीत प्लॅस्टिकची पेटी, जी आपल्यापैकी काहींनी प्रेमाने पाठवली, ती तर कपाटात कुलपात असते, कारण हरवली तर सेविकेला हिशोब द्यावा लागतो. वीस चिंचोक्यांची पुरचुंडी मात्र आईच्या बोचक्यात जाऊ शकते. खोपीसमोर रात्री खेळता येते. धाकट्या भावाला शिकवता येते, आणि हरवली तर चिंचेचं झाड कुठेही भेटतं. खेळायचं कसं हे पक्कं झालेलं असेल, तर शिक्षण त्या पोराबरोबर फडावरही जातं.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू केलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून. उद्देश चांगला आहे. तो पाड्यावर पोचवणारी मात्र कोणीतरी एक बाईच असते. तेव्हा द्यायचंच असेल तर सेविकांना वेळ द्या. त्यांच्या प्रशिक्षणाला, येण्या-जाण्याच्या भाड्याला, पावरी बोलणाऱ्या मदतनीस मुलीच्या मानधनाला द्या. एक सेविका वीस मुलांबरोबर हा खेळ रोज पंधरा मिनिटं खेळली, तर त्याला पेटी लागत नाही. तिचं मन लागतं, आणि ते लागायला महिनाअखेर पगार वेळेवर लागतो.

वस्तूच द्यायच्या तर चिंचोके द्या. उन्हाळ्यात घरोघर चिंचा फोडल्या जातात, तेव्हा चिंचोके फेकू नका. धुऊन, कडक उन्हात वाळवून, वीस-वीसच्या कापडी पुरचुंड्या करा. सागरगोटे चालतील, मोहाच्या बियाही चालतील. गुंजा मात्र अजिबात नकोत. लाल-काळ्या, दिसायला फार गोड, पण विषारी. एरंडीच्या आणि चंद्रज्योतीच्या बियाही नकोत, त्या मुलांनी खाल्ल्या तर दवाखान्यात न्यावं लागतं. पेरणीच्या पाकिटातलं रंग लावलेलं बियाणं तर हातातही देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोकेही नकोत, नाकात आणि घशात जातात. त्यांच्यासाठी मोठे गोटे किंवा चपलाच बऱ्या.

मी थांबते. आता आपल्या सेविका प्रत्येक रांगेत चिंचोके वाटणार आहेत आणि मुलांच्या आधी तुम्हीच खेळणार आहात. पाळकसाहेब, पहिली मूठ तुमची. एकी की बेकी?